आठ किलोची पर्स

गेल्या वर्षी जानेवारीत बायकोचा डावा खांदा असा काही धरला की केस बांधायला हात वर जाईना. आठवडाभर तेल, शेक, मलम असं सगळं घरगुती झालं आणि मग एकदाची ती फिजिओथेरपिस्टकडे गेली, मी सोबत. त्या बाईंनी खांदा बघायच्या आधी खुर्चीत ठेवलेली तिची पर्स एका हाताने उचलून बघितली, परत ठेवली आणि विचारलं, "ही रोज नेता? ट्रेनने?" मग चार व्यायाम लिहून दिले, पण निघताना म्हणाल्या की हे ओझं असंच राहिलं तर व्यायामाचा काही उपयोग नाही, परत येणारच तुम्ही.

थोडी परिस्थिती सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आम्ही बदलापूरला राहतो, ही फोर्टमध्ये एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, एका बाजूचा दीड तास धरा. घरून शेअर रिक्षा, मग स्टेशनचा पूल, मग ट्रेन, पुढे फोर्टपर्यंत चालत. बदलापूरहून सुटणारी मिळाली तर बसायला मिळतं, कर्जतहून भरून आलेली असेल तर उभं. आणि लेडीज डब्यात गर्दीच्या वेळी रॅकपर्यंत हात पोचत नाही, पोचला तरी उतरताना बॅग काढून कोण देणार, त्यामुळे पर्स खांद्यावरच किंवा पोटाशी धरून. दिवसाचे तीनेक तास ते वजन अंगावर. मी अंबरनाथला एमआयडीसीत, बाइकने जातो, माझ्या खिशात फोन, पाकीट, रुमाल, चावी, संपलं. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे फजिती माझीच आहे.

तर त्या रविवारी मी किचनमधला काटा घेऊन बसलो. मला या विषयाचा जरा नाद आहे, लोक रोज खिशात काय बाळगतात त्याचे फोटो आणि व्हिडिओ मी बघत असतो, टेबलावर सगळं ओळीत मांडलेलं, पेन, टॉर्च, चपटं पाकीट वगैरे. त्यामुळे माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं की ही उगाच फालतू वस्तू साठवते, त्या काढल्या की झालं. पर्स पलंगावर उलटी केली. एकूण भरलं ७ किलो ९५० ग्रॅम, म्हणजे आठच म्हणा. हिचं स्वतःचं वजन ५६ किलो. २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत लिहिलंय की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला शाळेचा नियम लावायचा नसतो हे मलाही कळतं, पण लावलाच तर साडेपाच किलोच्या वर नको होतं, ही चौदा टक्के घेऊन चालली होती.

आता वजन कुठे होतं बघा, कारण इथेच माझा पहिला अंदाज चुकला. नुसती रिकामी पर्स १ किलो ५० ग्रॅम! जाड रेक्झिन, साखळीचा पट्टा, बकलं, आत सात कप्पे. पाण्याची स्टीलची बाटली ३८० ग्रॅम आणि त्यात लिटरभर पाणी, म्हणजे १ किलो ३८०. जेवणाचा तीन पुडांचा डबा अन्नासकट १ किलो १५०, वर नाश्त्याचा छोटा डबा ३२०. या चार गोष्टींतच जवळजवळ चार किलो, म्हणजे अर्धं ओझं. ज्या फालतू वस्तूंवर मी टपून बसलो होतो त्या म्हणजे टिकल्यांची पाकिटं, लिपस्टिक, कंगवा, क्लिपा, सेफ्टी पिना असलेला पाउच, तो सगळा मिळून ३४० ग्रॅम. २०,००० एमएएचचा पॉवर बँक एकटा त्याहून जड, ४३०.

पाकीट ४१० ग्रॅमचं निघालं तेव्हा मला वाटलं काटा बिघडला. तर आत जवळजवळ अर्धं वजन चिल्लरचं होतं. दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं असतं, पाचचं ६ ग्रॅमचं, आणि शेअर रिक्षावाल्याला सुटे लागतात म्हणून ही नाणी जमवत जाते आणि सकाळच्या घाईत नोट काढून देते, म्हणजे नाणी फक्त वाढतात. तीसेक नाणी होती. ती गल्ल्यात टाकली आणि २०० ग्रॅम गेले, एवढं सोपं काम पूर्ण प्रकरणात दुसरं कुठलंच झालं नाही.

मग मी जे केलं ते करू नका. ही आंघोळीला गेली तेवढ्यात मी माझ्या मनाने अर्ध्या वस्तू एका शूबॉक्समध्ये काढून ठेवल्या, लॉकडाऊनपासून पडलेली सॅनिटायझरची बाटली, ओले टिश्यू, दोनपैकी एक डायरी, तीनपैकी दोन कापडी पिशव्या, औषधांचा पाउच, पिनांचा डबा. पर्स झाली साडेपाच किलो. मी खूश. सोमवारी ती गेली, संध्याकाळी आली आणि काही बोलली नाही, मला वाटलं जमलं. दोन आठवडे असेच गेले आणि खांदा काही सुधारेना, उलट आता उजवाही दुखायला लागला. मग एका सकाळी मी तिला स्टेशनला सोडायला गेलो तेव्हा बघतो तर डाव्या खांद्यावर पर्स आणि उजव्या खांद्यावर एक कापडी पिशवी. पिशवीत शूबॉक्समधल्या सगळ्या वस्तू. दोन्ही मिळून घरी काटा केला, ८ किलो १०० ग्रॅम. पिशवीचंच वजन वाढलं होतं.

त्या दिवशी जरा भांडण झालं. म्हणजे ती भांडली नाही, ती पुलाच्या पायऱ्यांवर चपलेचा अंगठा तुटला तेव्हा पर्समध्ये पिन नव्हती, लंगडत लंगडत ट्रेन पकडली, हे तिने एकदा सांगितलं. आजही सांगते. आमच्याकडे पाहुणे आले की सांगते.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मी काट्याला हात लावला नाही. तिनेच सगळं पलंगावर काढलं आणि वस्तूंचे ढीग घातले, पण कामाचं-बिनकामाचं असे नाही, तर कोणाचं आहे असे. हे तिला कसं सुचलं माहीत नाही, मला कधीच सुचलं नसतं. एक ढीग तिचा. एक माझा. एक माझ्या आईचा. एक मुलीचा. एक घराचा, म्हणजे कोणाचाच नाही.

माझ्या ढिगात काय होतं? जुना चष्मा केससकट, कारण मी एकदा गावाला चष्मा विसरलो होतो. माझी बीपीची गोळ्यांची स्ट्रिप आणि तीन वर्षांपूर्वीचं प्रिस्क्रिप्शन. बाइकच्या आरसीची आणि इन्शुरन्सची झेरॉक्स, तीही दोन-दोन कॉपी. बँकेच्या लॉकरची चावी! ती मीच तिला दिली होती, घरात हरवेल म्हणून. म्हणजे घरात हरवेल म्हणून रोज बदलापूर ते फोर्ट आणि परत, अख्ख्या सेंट्रल लाइनवरून ती चावी फिरत होती. आईच्या ढिगात गुडघ्याच्या एक्स-रेचे रिपोर्ट, कानाच्या मशिनचे सेल, तिच्या डॉक्टरांची फाइल. मुलगी अकरावीला आहे, तिच्या ढिगात घराची जादा किल्ली, कंपास, चार रबरबँड, आणि एक अख्खं जर्नल जे गेल्या वर्षी सबमिट व्हायचं होतं. घराच्या ढिगात सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, गॅसचं पुस्तक, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, केबलवाल्याचं कार्ड.

तिचा स्वतःचा ढीग, डबा आणि पाणी सोडून, सगळ्यात छोटा होता.

मी म्हटलं, अगं पण तू हे नाही म्हणायचं ना. ती म्हणाली, "अरे, मला कोणी विचारलं कधी? तुम्ही म्हणता 'राहू दे तुझ्याकडे', आणि राहतं." आई आतून ऐकत होत्या त्या म्हणाल्या, माझी फाइल तिच्याकडेच असलेली बरी. म्हणजे बघा.

तर मग ठरलं असं की ज्याचा ढीग त्याने सांभाळायचा. लॉकरची चावी माझ्या कपाटात गेली. गोळ्यांची एक स्ट्रिप माझ्या बाइकच्या डिकीत, मग उन्हात राहते म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. गाडीची कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये टाकली, २०१८ पासून केंद्राने तीही मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरायला सांगितलंय आणि मला आजवर पोलिसाने दोनदा अडवलं तेव्हा फोन दाखवून काम झालं. आईची फाइल फ्रीजवर, आणि शेवटच्या रिपोर्टचे फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. मुलीला तिची किल्ली दिली, ती तिने आठव्या दिवशी हरवली, दोन तास जिन्यात बसली, कारण आई देवळात गेल्या होत्या. त्या दोन तासांत तिने आईला, म्हणजे माझ्या बायकोला, नऊ फोन केले. फोर्टमध्ये बसून ती काय दार उघडणार होती?

आणि हा प्रकार नंतर बरेच दिवस चालला, वस्तू पर्समधून गेल्या पण चौकशी फोनवर यायला लागली. गॅसचं पुस्तक कुठंय, पावती कुठंय, आजीचे सेल संपले का. सगळं जिथे ठेवलंय तिथेच होतं, फक्त कोणाला बघायचं नव्हतं. यात मी पण होतो. शेवटी तिने ऑफिसच्या वेळेत घरच्या ग्रुपवर उत्तर द्यायचं बंद केलं, नुसता अंगठा टाकायची. तीन-चार आठवड्यांनी लोक शोधायला शिकले.

बाकी तिच्या स्वतःच्या वस्तूंसाठी एक साधी पद्धत वापरली. सकाळी सगळं डाव्या कप्प्यात, दिवसभरात जे वापरलं ते परत ठेवताना उजव्या कप्प्यात. पंधरा दिवस ऑफिसचे. शेवटी डावीकडे उरलेलं बघायचं. ४१ वस्तूंपैकी १७ उजवीकडे आल्या. डावीकडे उरलं त्यातलं बरंचसं तिने स्वतःच काढलं, एक डायरी, सॅनिटायझर, जुने मास्क, दोन चार्जर, ऑफिसात कायमचं ठेवता येईल असं सामान तिथल्या ड्रॉवरमध्ये. पॅड्स पण तिथे एक पाकीट आणि पर्समध्ये फक्त दोन.

पण एक गोष्ट डावीकडेच राहिली आणि तिने काढू दिली नाही. एका झिपच्या पिशवीत टॉर्च, पातळ प्लास्टिकचा रेनकोट, बिस्किटचा पुडा, चिक्की आणि ५०० ची नोट, ३१० ग्रॅम. मी म्हटलं नियम म्हणजे नियम. ती म्हणाली ही पंधरा दिवसांत वापरायची वस्तूच नाहीये. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा, आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते. ही कुर्ल्याच्या पुढे अडकलेल्या ट्रेनमधून उतरून रुळांवरून चालत घाटकोपरपर्यंत गेली, रात्र एका अनोळखी बाईंच्या घरी काढली, घरी पोचली ती तिसऱ्या दिवशी. तेव्हा फोन बंद, इकडे उल्हास नदीचं पाणी बदलापुरात, मी काही करू शकत नव्हतो. पुढे २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्याच बाजूला, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराच्या वर माणसं बोटींनी काढली, ते आम्ही टीव्हीवर बघत होतो आणि ही गप्प बसून पर्समधला बिस्किटचा पुडा बदलत होती. तर ती पिशवी राहिली. चिक्की दर दोन महिन्यांनी बदलते, जुनी मी खातो.

आता अर्ध्या ओझ्याचं, म्हणजे पर्स, पाणी, डबा यांचं काय. पर्स सोपी होती, मनाला अवघड. जाड पर्स भावाने भाऊबीजेला दिलेली, ती लग्नकार्याला ठेवली आणि रोजची ४२० ग्रॅमची नायलॉनची सॅक आणली, दोन्ही खांद्यांवर वजन विभागतं. ऑफिसात सॅक बरी दिसत नाही असं पहिले दोन दिवस वाटलं, मग तिच्या टेबलावरच्या दोघींनी विचारलं कुठून घेतलीस. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची, ऑफिसात कूलर आहे, येताना परत भरायची. डब्याला पर्याय म्हणून डबेवाल्याचा विचार केला, कारण मुंबईत ती पद्धत १८९० पासून याच त्रासासाठी तर आहे, गर्दीत डबा घेऊन कोण जाणार. पण आमच्या बाजूला कोणी घेणारा मिळाला नाही. मग पुडं तीनवरून दोन केली, नाश्ता घरी खाऊनच निघायचं ठरलं, त्यासाठी पोहे मी करायला लागलो. पोह्यांबद्दल घरात दोन मतं आहेत, ते जाऊ दे.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र शिंप्याने केली. बायकांच्या कुर्त्यांना खिसे का नसतात हा वेगळा राग आहे, पण तिने रोजच्या सहा कुर्त्यांना उजव्या बाजूला खोल खिसा लावून घेतला. फोन, पास आणि आता शंभर-दोनशेचे सुटे त्यात. त्यामुळे ट्रेनमध्ये सॅक उघडायचीच वेळ येत नाही, आणि पूर्वी गर्दीत एका हाताने सात कप्प्यांत पास शोधताना खांदा जो ओढला जायचा तो बंद झाला. फिजिओच्या बाई म्हणाल्या त्या ओढण्यानेच जास्त वाट लागली असणार.

पास तिने कागदाचाच ठेवलाय. मी म्हटलं होतं सगळं फोनवर घे, पण एप्रिलमध्ये एकदा ठाण्याला फोन बंद पडला, पॉवर बँक त्या दिवशी चार्जच केलेला नव्हता. तिकीट फोनमध्ये आणि फोन मेला की टीसीपुढे तुमच्याकडे तिकीट नाहीच. कागदाचा पास होता म्हणून निभावलं, पण बदलापूरला उतरल्यावर रिक्षाला सुटे नाहीत, तेव्हा सुट्या नोटा कमी करायच्या माझ्या आग्रहामुळे पाकिटात फक्त कार्ड होतं. कार्डाने शेअर रिक्षा कोण देणार. चालत आली. त्यानंतर दहा-वीसच्या नोटा परत आल्या, पॉवर बँक छोटा १०,००० चा आला आणि तो चार्ज करणं माझ्याकडे आलं.

मार्चअखेर काटा केला तेव्हा ३ किलो १५० आणि वर ती झिपची पिशवी, म्हणजे साडेतीनच्या आत. खांदा मे महिन्यात मोकळा झाला, व्यायाम पण ती नेमाने करत होती त्यामुळे सगळं श्रेय वजनाला देता येणार नाही.

एक गोष्ट मी मोजायलाच विसरलो होतो, ती म्हणजे संध्याकाळ. काटा नेहमी सकाळी व्हायचा. येताना ती सीएसएमटीच्या बाहेरून भाजी घेते, दोन-अडीच किलो सहज. म्हटलं भाजी आता मी आणतो, स्टेशनजवळ मंडई आहे, मला येता येता जमतं. तिने कांदे-बटाटे, फ्लॉवर, दुधी सगळं माझ्यावर सोपवलं आणि मटार, मेथी, गवार ठेवली. का, तर ते ट्रेनमध्ये निवडायचं असतं. चौघीजणींचा ग्रुप आहे, कुर्ल्यापासून मटार सोलायला घेतात, उल्हासनगरपर्यंत संपतात, गप्पा त्याच्याही पुढे. सालं टाकायची पिशवी एकीकडे, दाणे एकीकडे. मी म्हटलं सोललेले मटार मिळतात की पाकिटात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. तर हिवाळ्यात संध्याकाळचं वजन किलोभर वाढतं आणि त्याबद्दल आमच्या घरात आता कोणी बोलत नाही.

परवा, बऱ्याच महिन्यांनी, तिच्या परवानगीने सॅक परत काट्यावर ठेवली. ४ किलो २००. उन्हाळा आलाय म्हणून बाटली लिटरची झालीय हे कळलं, डायरी एक आहे तीही ठीक. खालच्या कप्प्यात एक बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप निघाली. मी जरा जोरातच म्हटलं, हे परत कोणी टाकलं? ती कणीक मळत होती, वळली पण नाही. "मागच्या रविवारी लग्नाला गेलो तेव्हा तूच दिलीस की. राहू दे तुझ्याकडे म्हणालास."